टॉम विल्सच्या पुतळ्यात न मावलेले १८६६ साल

प्रति,
ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या आयोगाचे सन्माननीय सदस्य
आणि मेलबर्न क्रिकेट क्लबच्या कार्यकारिणीचे सन्माननीय पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मी मेलबर्नमध्ये राहणारा एक मराठी माणूस आहे. क्रिकेटचे वेड मी येताना सोबत आणले आणि फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल, आमच्या घरात मुलीमुळे शिरली. ती रविवारी सकाळी ऑसकिकला, म्हणजे मुलांच्या फूटीच्या शिकवणीला, जाते, आणि मी मैदानाच्या कडेला थर्मासमधला चहा पीत उभा असतो. गेल्या हिवाळ्यात तिला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर सामना दाखवायला नेले, तेव्हा स्टेडियमबाहेरच्या गर्दीतून वाट काढताना ती टॉम विल्सच्या पुतळ्यापाशी थांबली. २००१ साली लुई लॉमन यांनी घडवलेल्या त्या ब्राँझच्या शिल्पात दोन शाळकरी मुले चेंडूसाठी झुंजत आहेत आणि विल्स पंच म्हणून जवळ उभा आहे. तिने मला विचारले, "बाबा, खेळतायत ही मुलं, मग नाव अंपायरचं का?"

मी तिला तिथल्या तिथे उत्तर दिले. पण ते अर्धेच होते, हे परतीच्या ट्रेनमध्ये माझ्या ध्यानात आले. उरलेले अर्धे उत्तर सर्वांसमोर मांडणे आपल्या दोन संस्थांच्या हातात आहे, म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण विल्सच्या कारकिर्दीचा एक धागा थेट मराठी घरांपर्यंत येऊन पोहोचला आहे आणि बहुतेक मराठी वाचकांना त्याची कल्पना नाही. इंग्रजी तर्जुमा आपणांकडे वेगळा रवाना करीत आहे. आपणांस तोंडपाठ असलेल्या काही गोष्टी येथे पुन्हा येतील, त्याबद्दल क्षमस्व.

थॉमस वेंटवर्थ विल्सचा जन्म १८३५ सालचा, न्यू साउथ वेल्समधला. त्याचे आजोबा वाटमारीच्या गुन्ह्याखाली इंग्लंडहून काळ्या पाण्यावर पाठवलेले कैदी, तर वडील होरेशियो हे मेंढ्यांचे मोठे कळप बाळगणारे जमीनदार. १८४० मध्ये हे कुटुंब आजच्या व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागात, ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांजवळ, जाब वुरुंग या आदिवासी लोकांच्या मुलखात जाऊन राहिले, आणि आसपास गोऱ्यांची मुले फारशी नसल्याने छोटा टॉम जाब वुरुंग मुलांमध्येच वाढला, त्यांची भाषा बोलू लागला, त्यांची गाणी म्हणू लागला. चौदाव्या वर्षी त्याला इंग्लंडला रग्बी शाळेत धाडण्यात आले. तेथे तो शाळेच्या क्रिकेट संघाचा कर्णधार झाला, आणि १८५६ मध्ये तर केंब्रिजकडून ऑक्सफर्डविरुद्ध खेळला, तेही केंब्रिजचा विद्यार्थी नसताना. त्याच वर्षाच्या अखेरीस तो मायदेशी परतला, आणि जानेवारी १८५८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली व्हिक्टोरियाने न्यू साउथ वेल्सला पहिल्यांदा हरवले.

फूटीचा जन्म मात्र वर्तमानपत्राला लिहिलेल्या एका पत्रातून झाला, हे मला विशेष आवडते. १० जुलै १८५८ रोजी 'बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया' या क्रीडा साप्ताहिकात विल्सचे पत्र छापून आले. क्रिकेटचा हंगाम संपला की खेळाडू सुस्तावतात, त्यांचे हातपाय आखडतात, तेव्हा हिवाळ्यासाठी फुटबॉलचा क्लब काढावा, आणि ते जमत नसेल तर निदान नेमबाजीचा तरी, असा त्याचा आशय होता. म्हणजे ज्या खेळाच्या अंतिम सामन्यांसाठी आज हे शहर सप्टेंबर महिन्यात बाकी सगळे विसरते, तो क्रिकेटपटूंच्या कमरा ढिल्या राहाव्यात म्हणून सुचवलेला जोडव्यायाम होता. महिनाभरात, ७ ऑगस्टला, स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या दोन शाळांचा सामना झाला. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस मुले होती, सामना तीन शनिवार चालला आणि एक-एक गोलच्या बरोबरीत सुटला. पंच दोन होते, विल्स आणि डॉ. जॉन मॅकॅडम. हे मॅकॅडम रसायनशास्त्रज्ञ. मॅकॅडेमिया नावाने आपण जो महागडा सुकामेवा विकत घेतो, त्याचे नाव यांच्याच नावावरून पडले. पुतळ्यात जो क्षण पकडला आहे, तो याच सामन्याचा.

पुढचे वर्ष त्याहून महत्त्वाचे. १७ मे १८५९ रोजी परेड हॉटेलात विल्स, विल्यम हॅमर्स्ली, जे. बी. थॉम्पसन आणि थॉमस स्मिथ ही मंडळी बसली आणि त्यांनी मेलबर्न फुटबॉल क्लबसाठी दहा नियम लिहून काढले. रग्बीत वाढलेल्या विल्सला आपल्या शाळेच्या नियमांचा ओढा होता. पण इतरांना ते नियम किचकट वाटत होते, आणि पोटापाण्याची नोकरी असलेल्या प्रौढ माणसांना येथल्या कडक जमिनीवर एकमेकांच्या नडग्या फोडून घेणे परवडणारे नव्हते. म्हणून नडगीवर लाथ मारण्यास बंदी आली. पायाने मारलेला चेंडू थेट झेलणाऱ्याने "मार्क" असे ओरडले की त्याला मोकळी किक मिळेल, आणि प्रतिपक्षाच्या कोणीही त्या जागेच्या आत यायचे नाही, हा सहावा नियम ठरला. आठव्या नियमाने पायाने मारलेला चेंडू थेट झेलला किंवा टप्पा पडून उसळताना पकडला तरच तो हातात घेण्याची मुभा दिली, पण जमिनीवरून उचलण्यास मनाई केली. ऑफसाइडबद्दल त्या दहा नियमांत अवाक्षर नाही. खेळाडूने चेंडूच्या कोणत्या बाजूला असावे यावर बंधनच नसल्यामुळे सगळे मैदान खुले झाले, आणि आज खांबांसमोर हवेत झेपावणारे जे खेळाडू पाहून माझी मुलगी टाळ्या पिटते, त्यांच्या उड्यांची मुळे त्या न लिहिलेल्या नियमात आहेत. चार माणसांनी आपापल्या आग्रहाला मुरड घालून केलेले हे काम आहे. हाताने लिहिलेला तो कागद मेलबर्न क्रिकेट क्लबने जपून ठेवला आहे, याबद्दल आपले आभार मानायलाच हवेत.

मुलीला मी जे सांगितले ते येथे संपले. मात्र विल्सचे आयुष्य यानंतर दोन वर्षांनी उभे चिरले गेले.

१८६१ च्या आरंभी होरेशियो विल्स दहा हजारांवर मेंढ्या आणि माणसांचा तांडा घेऊन क्वीन्सलंडच्या अंतर्भागात नवे रान वसवायला निघाले आणि टॉमला त्यांनी सोबत घेतले. ऑक्टोबरमध्ये ते कलिन-ला-रिंगो येथे पोहोचले. त्यापूर्वी शेजारच्या एका गोऱ्या वसाहतदाराने मेंढ्या चोरल्याच्या संशयावरून गायिरी या तिथल्या आदिवासी लोकांवर गोळ्या झाडल्या होत्या. १७ ऑक्टोबरच्या दुपारी गायिरींनी छावणीवर हल्ला केला. होरेशियोसह १९ जण मारले गेले, त्यांत बायका-मुलेही होती. आदिवासींच्या हातून गोऱ्या वसाहतवाल्यांची एवढी मोठी हत्या ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात दुसरी नाही. टॉम सामान आणायला बाहेर गेला होता म्हणून वाचला. त्यानंतर सूड म्हणून पोलीस आणि वसाहतवाल्यांच्या टोळ्यांनी गायिरी लोकांना रानोमाळ हुडकून मारले, आणि तो आकडा शेकड्यांत जातो. टॉम तिथे आणखी दोन-तीन वर्षे कसाबसा राहिला, आणि १८६४ मध्ये व्हिक्टोरियात परतला तेव्हा दारूने त्याला पुरते धरलेले होते.

आता ज्या सालासाठी हे पत्र लिहिले त्याकडे येतो. १८६६ च्या नोव्हेंबरात हाच माणूस, ज्याचे वडील पाच वर्षांपूर्वी आदिवासींच्या हातून मारले गेले होते, पश्चिम व्हिक्टोरियातल्या एडनहोप गावाजवळ लेक वॉलेसच्या काठी गेला आणि तेथल्या मेंढपाळ वाड्यांवर काम करणाऱ्या आदिवासी तरुणांच्या क्रिकेट संघाचा प्रशिक्षक झाला. या तरुणांनी बॅट-बॉलशी ओळख आधीच करून घेतली होती; विल्सने त्यांना मोठ्या सामन्यासाठी घडवले. लहानपणी शिकलेली भाषा तिथे कामी आली. २६ डिसेंबर १८६६ रोजी, बॉक्सिंग डेला, हा संघ विल्सच्या नेतृत्वाखाली मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर मेलबर्न क्रिकेट क्लबविरुद्ध उतरला. दहा हजारांवर लोक जमले होते. सामना आदिवासी संघ हरला, पण प्रेक्षक त्यांच्या बाजूने ओरडत होते, आणि जार्डवाडजली जमातीच्या उनारिमिन नावाच्या तरुणाने, ज्याला गोरे लोक जॉनी मुलाघ म्हणत, त्या दिवशी आपले नाव करून घेतले.

पुढे जे झाले ते फारसे अभिमानाचे नाही. १८६७ मध्ये या संघाला घेऊन दौरा निघाला, पण त्याचे पैसे सांभाळणाऱ्या माणसाने हात मारला आणि संघ सिडनीत अडकून पडला. काही खेळाडू आजाराने आणि दारूने दगावले, आणि दारूच्या बाबतीत प्रशिक्षकाचा कित्ता काही बरा नव्हता. १८६८ मध्ये हाच संघ, थोडा बदललेला, इंग्लंडला गेला. ऑस्ट्रेलियाहून परदेशी गेलेला तो पहिला संघटित क्रीडासंघ होता, आणि मुंबईच्या पारशांचा पहिला इंग्लंड दौरा त्यानंतर १८ वर्षांनी, १८८६ मध्ये निघाला. ४७ सामने झाले. १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित राहिले. एकट्या मुलाघने १,६९८ धावा काढल्या आणि २४५ बळी घेतले. विल्सला मात्र त्या बोटीवर जागा नव्हती, त्याच्या ठिकाणी चार्ल्स लॉरेन्स गेला. परतल्यावर, १८६९ च्या कायद्याने व्हिक्टोरियातल्या आदिवासींच्या हिंडण्याफिरण्यावर सरकारी मंडळाचा ताबा आला आणि असा दुसरा संघ उभा राहण्याची वाटच बंद झाली.

मराठी घरांचा धागा म्हणालो तो येथे आहे. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला ३६ धावांत गारद झालेला भारतीय संघ मेलबर्नला आला. विराट कोहली मायदेशी परतला होता, आणि संगमनेर तालुक्यातल्या कुटुंबात जन्मलेला, डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे कर्णधार होता. त्याने ११२ धावा काढल्या, भारताने सामना आठ गड्यांनी जिंकला, आणि सामनावीर म्हणून रहाणेच्या गळ्यात जे पदक पडले ते 'मुलाघ मेडल' होते. त्याच वर्षी सुरू झालेल्या या पदकाचा तो पहिला मानकरी. १८६८ च्या खेळाडूंच्या कमरपट्ट्याला जे बकल होते, त्याच्यावरून ते पदक ओतलेले आहे. त्या दिवशी आमच्या ओळखीतल्या अनेक घरांत पहाटे उठून सामना पाहिला गेला, पण 'मुलाघ कोण?' या प्रश्नावर सगळे गप्प. मीही गप्पच होतो. मुलाघला मोठ्या मैदानावर उतरवणारा माणूस म्हणजे बाहेर ब्राँझमध्ये उभा असलेला पंच, हे मला पुढे वाचनात कळले.

आयोगाच्या सन्माननीय सदस्यांना आता थोडे स्पष्ट बोलतो. फूटीचे आदिवासींशी असलेले नाते कोठे शोधायचे, याबाबत आपल्या संस्थेने अकरा वर्षांत दोन टोके गाठली. २००८ मध्ये खेळाची १५० वर्षे साजरी करताना आपण लीगच्या सामन्यांच्या एका फेरीला विल्सचे नाव दिले, आणि त्याच वेळी आपल्या अधिकृत इतिहासग्रंथात असे छापले गेले की विल्सने आदिवासींच्या मार्नग्रूक या चेंडूच्या खेळावरून फूटी घेतली ही एक मोहात पाडणारी दंतकथा आहे. २०१९ मध्ये प्रेक्षकांची वांशिक हेटाळणी सोसलेले आदिवासी फूटीपटू ॲडम गुड्स यांची माफी मागताना आपण हा खेळ या देशाच्या प्राचीन परंपरेतून जन्मला असे म्हटले आणि मार्नग्रूकचे नाव घेतले. माफी योग्यच होती, किंबहुना तिला उशीर झाला. पण इतिहासाचे मत बदलताना त्याची कारणे सांगण्याची रीत असते, आणि ती पाळली गेली असे मला दिसले नाही.

मार्नग्रूक होता यात शंका घेण्याचे कारण नाही. पॉसम नावाच्या झाडावरच्या प्राण्याच्या कातड्याचा चेंडू पायाने उंच उडवायचा आणि उंचच उंच उडी मारून झेलायचा, असा खेळ व्हिक्टोरियातल्या जमाती खेळत. १८७८ मध्ये छापलेल्या एका ग्रंथात त्याचे प्रत्यक्षदर्शी वर्णन आहे. विल्स ज्या मुलखात वाढला तेथे तो खेळला जात असणे स्वाभाविक आहे. मात्र १८५९ च्या बैठकीत विल्स ज्या नियमांसाठी आग्रह धरीत होता ते रग्बीचे होते, आणि त्याच्या लेखनात मार्नग्रूकचा उल्लेख येत नाही. आमच्याकडे खो-खोचे नियम १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात बांधले गेले, म्हणून खो-खो डेक्कन जिमखान्यावर जन्मला असे कोणी म्हणणार नाही. खेळ आधी असतो, नियम नंतर येतात. पण याच न्यायाने, एकाच रानात दोन खेळ होते एवढ्यावरून एकाने दुसऱ्याला जन्म दिला, असेही ठरत नाही. माझे मत विचाराल तर मार्नग्रूकला फूटीचा पूर्वज ठरवण्याच्या खटाटोपात त्याचेच नुकसान होते, कारण गोऱ्यांच्या खेळाला उपयोगी पडला म्हणून तो थोर, असा अर्थ त्यातून निघतो. तो स्वतःच्या बळावर थोर आहे.

आणि गंमत अशी की विल्सच्या बालपणीचे जे नाते कागदावर सापडत नाही, त्यावर आपण वर्षानुवर्षे वाद घातला, आणि १८६६ चे जे नाते तारीख, मैदान, खेळाडूंची नावे आणि छायाचित्रे यांसह पक्के आहे, ते मात्र पुतळ्याच्या दृश्यात नाही.

१८६६ पुढे करताना १८६१ झाकता येणार नाही, हेही मला मान्य आहे. २०२१ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'चा १८९५ सालचा एक लेख उजेडात आला. त्यातल्या अनामिक लेखकाने, कलिन-ला-रिंगोनंतरच्या हत्याकांडात आपण सामील होतो असे विल्सने आपल्याला सांगितल्याचा दावा केला आहे. लेख घटनेनंतर ३४ वर्षांनी आणि विल्स वारल्यानंतर १५ वर्षांनी छापलेला, तोही ऐकीव. त्यामुळे इतिहासकारांत त्यावर मतभेद आहेत. तेव्हा काही लोकांनी पुतळा हलवावा का, असा विषय काढला होता. माझे म्हणणे, पुतळा राहू द्यावा आणि लेखाची गोष्टही राहू द्यावी, ती ऐकीव आहे हे नोंदवून. ज्या माणसाने सूड घेतला असेल किंवा नसेल, तोच पाच वर्षांनी लेक वॉलेसच्या काठी आदिवासी तरुणांच्या भाषेत क्षेत्ररक्षण लावीत होता. या दोन गोष्टी एकमेकींना पुसत नाहीत.

विल्सच्या शेवटाविषयी थोडक्यात. १८७२ मध्ये न्यू साउथ वेल्सविरुद्ध चेंडू फेकतो म्हणून त्याला नो-बॉल ठरवण्यात आले आणि त्याची मोठी क्रिकेट कारकीर्द जवळपास तिथेच आटोपली. पुढे कर्ज आणि दारू. २ मे १८८० रोजी, दारू एकदम सुटल्याने आलेल्या भ्रमात, हायडेलबर्गच्या घरी त्याने कात्रीने स्वतःच्या छातीत वार करून जीव दिला. तो ४४ वर्षांचा होता. मामेआते भावंडांच्या नात्यातला आणि त्याच्या बहिणीचा नवरा झालेला एच. सी. ए. हॅरिसन मात्र १९२९ पर्यंत जगला, आणि 'फुटबॉलचा जनक' हा किताब त्याला मिळाला. विल्सच्या कबरीवर शंभर वर्षे दगडसुद्धा नव्हता. १९८० मध्ये मेलबर्न क्रिकेट क्लबनेच तो बसवला. त्या दगडाचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण चूक ध्यानात आल्यावर ती दुरुस्त करण्याची सवय आपल्या क्लबला आहे, हे त्यावरून दिसते.

म्हणून माझी विनंती अशी, की पुतळ्याशेजारी एक नवा फलक लावावा. त्यावर १८६६ च्या बॉक्सिंग डेच्या संघातील खेळाडूंची नावे असावीत, आधी त्यांच्या स्वतःच्या भाषेतली आणि मग मालकांनी ठेवलेली, कारण मुलाघला उनारिमिन म्हणून ओळखणारा प्रेक्षक मला अजून भेटायचा आहे. कलिन-ला-रिंगो येथे मारले गेलेले १९ जण आणि त्यानंतर मारले गेलेले गायिरी लोक, या दोहोंचा उल्लेख एकाच परिच्छेदात यावा, दोन वेगळ्या ठिकाणी नव्हे. मजकूर जाब वुरुंग, जार्डवाडजली आणि गायिरी लोकांच्या आजच्या वडीलधाऱ्यांना दाखवूनच पक्का करावा, आणि मार्नग्रूकबद्दल काय लिहायचे याचा शब्दही त्यांचाच असावा. आयोगाने २००८ आणि २०१९ या दोन्ही भूमिकांमधले अंतर कसे कापले, याचे एक पानभर टिपण प्रसिद्ध केले तर खेळाच्या इतिहासाचे विद्यार्थी आपले ऋणी राहतील.

बॉक्सिंग डेच्या कसोटीला भारतीय संघ आला की येथे हजारो भारतीय प्रेक्षक जमतात; त्या दिवसांपुरता या मजकुराचा मराठी किंवा हिंदी अनुवाद हवा असल्यास मराठीची जबाबदारी मी विनामोबदला घेतो. फक्त फलक फार उंचावर लावू नये. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, आणि तिला तो स्वतः वाचायचा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
मेलबर्नमधील एक मराठी प्रेक्षक